धाक आणि डबा

संध्याकाळी चर्चगेटहून निघालेल्या विरार फास्टने अंधेरी सोडली, की बायकांच्या डब्यात पिशव्या उघडतात. मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून मेथी निवडली जाते, वाटाणे सोलले जातात, कुणी लसूण सोलून डबीत भरून ठेवते. त्याच गाडीच्या पुरुषांच्या डब्यात त्याच वेळी बॅग आडवी धरून पत्ते पिसले जातात, नाहीतर भजनी मंडळाचे टाळ निघतात. दोन्ही डब्यांतली माणसं सारखीच दमलेली. सकाळची गर्दीही दोघांनी तेवढीच अंगावर घेतलेली. पण एका डब्यातल्यांची दुसरी पाळी गाडीतच सुरू झालेली असते आणि दुसऱ्या डब्यातल्यांचा दिवस संपलेला असतो.

या चित्रात थोडा अन्याय आहे, तो कबूल करू. बायकांच्या डब्यातही भिशी चालते, डोहाळजेवणं होतात, नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग नेसले जातात. पुरुषांच्या डब्यात एखादा डोळे मिटून टेकलेला दिसतो, तो झोपलेला नसतो, घराच्या हप्त्याचं गणित करत असतो. हे सगळं खरं धरलं, तरी मेथीची जुडी पुरुषांच्या डब्यात निघत नाही.

वसई-विरार या शहराबद्दल बोलताना गाडीपासून सुरुवात करावी लागते, कारण या शहरातलं कौटुंबिक आयुष्य रेल्वेच्या वेळापत्रकावर टांगलेलं आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी इथली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. यातले बहुतेक इथे आले ते मुंबईत घर परवडेना म्हणून. घर इथे आलं, नोकरी तिकडेच राहिली. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, जलद गाडीला दीड तासाच्या आतबाहेर. घर ते स्टेशन रिक्षा, उतरल्यावर पुढची बस किंवा पायपीट, पहिली गाडी सोडून दुसरीत शिरण्याचा वेळ हे सगळं धरलं, तर दिवसातले तीन-चार तास रस्त्यावर जातात. ज्या घरात आई आणि वडील दोघंही असे जातात, त्या घरात समानतेचा प्रश्न तत्त्वाचा असण्याआधी घड्याळाचा असतो. सकाळी पोराला शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार? संध्याकाळी पाळणाघरातून कोण आणणार? पाण्याचा टँकर येणार त्या दिवशी घरी कोण थांबणार? सूर्या, उसगाव आणि पेल्हार या धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या, तरी टँकरची वाट पाहणाऱ्या या शहरात हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही.

रेल्वेला हे घड्याळ आपल्या पद्धतीने उमगलं होतं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत वाढवली. बाईला कामावर जायला गाडी मिळाली, ही मोठी गोष्ट होती. घरी तिच्या जागी उभं राहायला कुणाला तरी बोलावणारी गाडी मात्र रेल्वे सोडू शकत नव्हती.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणूस चोवीस तासांतलं कुठलं मिनिट कशावर घालवतो, याची ती मोजदाद होती. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचं प्रमाण बायकांमध्ये ८१ टक्के निघालं आणि पुरुषांमध्ये २६ टक्के. जे हे काम करत होते त्यांचीच सरासरी घेतली, तर बाईची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा पाहणी झाली. बाईची मिनिटं २८९ वर आली, तेव्हा बातम्यांमध्ये सुधारणा झाल्याचा सूर उमटला. पण पुरुषाची मिनिटंही ९७ वरून ८८ वर उतरली होती. २०१९ ला दोघांतलं अंतर २०२ मिनिटांचं होतं, २०२४ ला २०१ मिनिटांचं. म्हणजे मिक्सर, गॅस, नळ आणि बाहेरून मागवलेलं जेवण यांनी दोघांचंही काम जरासं हलकं केलं असावं. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर काही गेलं नाही. पाच वर्षांत एक मिनिट.

आता शिस्तीकडे येऊ. मराठी घरात ‘वडिलांची शिस्त’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते बहुधा असं असतं: जिन्यात चपलांचा आवाज आला की टीव्ही बंद होतो, पुस्तकं उघडतात, आई हळू आवाजात ‘बाबा आलेत’ म्हणते. ही धाकाची शिस्त. तिला रोज फार वेळ द्यावा लागत नाही, उलट माणूस जितका कमी वेळ घरी असेल तितकी ती टिकते. दुसरी शिस्त डब्याची. पहाटे उठायचं, कणीक मळायची, सात वाजता डबा तयार, गृहपाठावर सही, गणवेशाचं तुटलेलं बटण कालच लावलेलं, औषधाचा दुसरा डोस आठ तासांनी. तिला आवाज नसतो, पण एक दिवस चुकली तर घर थांबतं. पहिली शिस्त दुसऱ्याला लावायची असते, दुसरी स्वतःला. आपल्याकडे पहिलीला संस्कार म्हणतात आणि दुसरीला घरकाम. पुरुषाच्या जबाबदारीबद्दलची आपली बरीचशी भाषणं पहिल्या शिस्तीच्या आठवणीत रमतात. समानतेचा प्रश्न सुरू होतो दुसरीपासून. बाप डब्याच्या शिस्तीत येतो का, एवढंच पाहायचं.

विरारमध्ये एक बाप असा आला, आणि तो सगळ्यांना ठाऊक असलेला बाप आहे. क्रिकेटपटू पृथ्वी शॉ चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. कुटुंब मूळचं बिहारमधल्या गयेचं. वडील पंकज शॉ यांचा कपड्यांचा व्यवसाय होता. मुलाकडे पाहायचं म्हणून त्यांनी तो बंद केला. पृथ्वीच्या क्रिकेटचे धडे लहानपणीच सुरू झाले, पुढे सरावाचं ठिकाण ठरलं वांद्र्याचा एमआयजी क्लब. मग रोज पहाटे उठून विरारहून गाडी पकडायची, किट सांभाळत गर्दीतून मुलाला न्यायचं, मैदानाच्या कडेला बसून राहायचं, परत आणायचं, जेवू घालायचं. पुढे सांताक्रूझला राहायची सोय झाली तेव्हा हा प्रवास सुटला. २० नोव्हेंबर २०१३ रोजी, चौदा वर्षांच्या या मुलाने हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफिल्डकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. ८५ चौकार आणि ५ षटकार. त्याच वर्षी आलेल्या ‘बियॉन्ड ऑल बाउंडरीज’ या माहितीपटात २०११ च्या विश्वचषकाच्या वेळचा छोटा पृथ्वी आणि त्याचे वडील दिसतात. त्याच माहितीपटात मुंबईच्या संघात शिरायला धडपडणारी एक मुलगीही आहे, आणि क्रिकेटच्या वेडाला मुलगा आणि मुलगी वेगवेगळी किंमत कशी मोजतात हे शेजारीशेजारी बघायला मिळतं.

पुढचं सगळं भराभर घडलं. जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला तमिळनाडूविरुद्ध रणजी उपांत्य सामन्यात पदार्पणातच शतक. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या कप्तानीखाली भारताने १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, पुन्हा राजकोटलाच, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४ धावा.

या कथेत लोकांना भावला तो त्याग. मला त्याहून लक्षात ठेवावंसं वाटतं ते त्या त्यागातलं रोजचं, कंटाळवाणं काम. शेजारी सचिन तेंडुलकरची गोष्ट ठेवून पाहा. प्रशिक्षक आचरेकर सरांची शिस्त, स्टंपवरचं रुपयाचं नाणं, सामना चुकवून प्रेक्षकांत बसलेल्या सचिनला सरांनी दिलेली चपराक, हे सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. पण शिवाजी पार्कच्या सरावासाठी वांद्र्याहून रोजची बस नको म्हणून सचिन काही वर्षं दादरला काका-काकूंकडे राहिला, हे सांगताना आपण काकूंपाशी फार थांबत नाही. मैदानावर पुरुषाची शिस्त दिसते, आणि ती मैदानावर चालते कारण मागे कुणाच्या तरी स्वयंपाकघराची शिस्त चालू असते. विरारच्या त्या घरात मागे कुणी नव्हतं. मैदानावरचा कडक बाप आणि पहाटे डबा भरणारा बाप एकच होता. असा बाप आपल्याकडे सहसा तेव्हाच घडतो, जेव्हा घरात बाई उरत नाही. या प्रकरणातली खरी अडचण हीच आहे.

पृथ्वीची गोष्ट इथे थांबली असती तर बोधकथा झाली असती. २०१९ मध्ये, खोकल्याच्या औषधांत सापडणाऱ्या टर्ब्युटलिन या बंदी असलेल्या द्रव्यामुळे त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. जाणूनबुजून घेतलं नसल्याचं त्याचं म्हणणं मान्य झालं. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आसामविरुद्ध ३७९ धावा ठोकल्या, रणजीच्या इतिहासातला दुसरा सर्वोच्च डाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळलं गेलं आणि वर्तमानपत्रांत दोन शब्द पुन्हापुन्हा येत राहिले: तंदुरुस्ती आणि शिस्त. त्यानंतरच्या आयपीएल लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही. २०२५ मध्ये त्याने मुंबई सोडून महाराष्ट्राचा संघ धरला. आपण काही निर्णय चुकीचे घेतले, हे त्याने मुलाखतीत स्वतःच सांगितलं.

यावरून बापाला धारेवर धरणं सोपं आहे, आणि चूकही. विशी ओलांडलेल्या माणसाच्या वागण्याचा हिशेब त्याच्या वडिलांच्या खात्यावर मांडता येत नाही. एका घराचं निदान बाहेरून करू नये. पण यातून सगळ्याच घरांना लागू असा एक प्रश्न मात्र निघतो. मुलाचा दिवस दुसऱ्याने पूर्णपणे आखून दिला, तर स्वतःचा दिवस आखायला ते कधी शिकतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. एक हुकमी: नियम कडक, माया कमी, ‘का’ विचारायचं नाही. दुसरी सैल: माया भरपूर, नियम नाहीत. तिसरी, जिला आपण ठाम पण समजूतदार म्हणू: नियम आहेत, ते पाळले जातात, पण त्यांचं कारण सांगितलं जातं आणि मुलाचं म्हणणं ऐकलं जातं. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथी जोडली: नियमही नाहीत आणि लक्षही नाही. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत तिसऱ्या तऱ्हेची मुलं स्वतःला आवरण्यात बरी ठरली. मात्र ही तिसरी तऱ्हा घड्याळ मागते. ‘का’ विचारणाऱ्या पोराशी बोलायला संध्याकाळ लागते. रात्री नऊला विरारला उतरणाऱ्या माणसाजवळ हुकूम द्यायला किंवा लाड करायला वेळ असतो, समजावायला नसतो. आठवडाभर जोरात ओरडायचं आणि रविवारी मॉलमध्ये नेऊन भरपाई करायची, ही इथल्या कितीतरी बापांची तऱ्हा स्वभावातून आलेली नाही, ती प्रवासाच्या तासांतून आली आहे. अर्थात तोच प्रवास करणाऱ्या आईला ही सबब मिळत नाही.

धाक हीच शिस्त समजणारा फक्त बाप नसतो, शाळाही असते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना १ एप्रिल २०१० पासून बंदी आहे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतल्या एका शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या गेल्या, काही दिवसांनी ती मुलगी दगावली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. पण उशीर होणं हा बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा एकट्याचा गुन्हा क्वचितच असतो. त्याच्या सकाळमागे एका घराची अख्खी सकाळ असते. शिक्षा मात्र त्या साखळीतल्या सगळ्यात लहान माणसाला होते. धाकाच्या शिस्तीचा हा गुणधर्मच आहे: ती वरून खाली उतरत जाते आणि जिथे पुढे ढकलायला कुणी उरत नाही, तिथे थांबते.

बाई कमावती झाली की घरातली समानता आपोआप येते, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. त्यांनी अर्नाळा, नायगाव किंवा पाचूबंदरला एक फेरी मारावी. कोळीवाड्यात बाईचं कमावणं कालपरवाचं नाही. पुरुषाने दर्यावर जायचं, मासळी धक्क्याला लागली की ती विकायची कोळणीने. भाव तिचा, पैसा तिच्या हातात, गिऱ्हाइकाशी हुज्जत तिची. घरात तिचा शब्द चालतो आणि तिला दबकून बोलायची सवय नसते. वसईच्या पट्ट्यातल्या बागायतदार घरांतल्या बायकाही भाजी, केळी, फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठत आल्या आहेत. तरीही त्यांच्या मागे पोरं सांभाळते ती आजी, नाहीतर थोरली मुलगी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पुरुष जाळी दुरुस्त करतात, होडीची डागडुजी करतात; बाई सुकी मासळी विकायला बाहेर पडतेच. चुलीची पाळी त्या दोन महिन्यांतही सहसा बदलत नाही. पैशाने बाईला आवाज मिळतो, हे खरं. पुरुषाच्या हातात झारा देण्याचं काम पैसा करत नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते वेळेइतकंच ते लाजेत अडतं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. या पुस्तकातली आई हळवी म्हणून प्रसिद्ध आहे, पण पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती झोडपून विहिरीवर पाठवते, हेही त्याच पुस्तकात आहे. मला मात्र नेहमी पहिलीच रात्र, म्हणजे पहिलं प्रकरण, आठवते. आई तापाने आजारी, वटसावित्रीचं व्रत तर चुकवायचं नाही, म्हणून ती श्यामला तिच्यावतीने वडाला प्रदक्षिणा घालायला सांगते. श्याम कचरतो. काम अवघड नाही. तिथे सगळ्या बायका असतील, मुलं हसतील, हे अवघड आहे. आई त्याची समजूत घालते आणि तो जातो. एका मुलाने बाईचं म्हणून ठरलेलं काम भर गावात केलं, या प्रसंगाने मराठीतल्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाची सुरुवात होते. आणि ते पुस्तक घराघरांत वाचून पिढ्यान्‌पिढ्या मुलगे मोठे झाले, ताट उचलायचं मात्र शिकले नाहीत! स्वतः गुरुजींनी ते पाळलं. अमळनेरच्या शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी असताना ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, कपडे धुऊन ठेवत. रागावण्यापेक्षा हा मार्ग मुलांना जास्त लाजवणारा आणि जास्त शिकवणारा ठरला, असं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींतून दिसतं.

कायद्यानेही ही लाज जपली आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमानुसार मुलाचे नैसर्गिक पालक वडील, त्यांच्या मागे आई. मात्र पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईच्या ताब्यात राहावं. थोडक्यात सही बापाची आणि लंगोट आईचे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे जरा सैल केलं. वडील हयात असले, पण मुलाकडे लक्षच देत नसतील, तर आईही नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते. म्हणजे बापाच्या पालकत्वाची कसोटी त्याच्या प्रत्यक्ष वागण्याला लावली गेली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम बंधनकारक झाला. नावात आई आली. रजेत बाप अजून यायचा आहे.

रजेचे नियम पाहिले की राज्यकर्त्यांच्या मनातला बाप दिसतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवस. खासगी नोकरीत अशा रजेची सक्ती करणारा कायदा नाही, तर मातृत्व रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. ही दुरुस्ती चांगल्या हेतूने झाली, पण तिने मालकाला एक धडाही दिला: मूल झालं की जाणार ती बाई. सगळ्यात बोलका आहे २०१८ चा महाराष्ट्राचा शासन निर्णय. राज्याच्या महिला कर्मचाऱ्याला मुलाच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा मंजूर झाली, आणि पुरुषालाही. फक्त एका अटीवर: त्याची पत्नी हयात नसावी किंवा अंथरुणाला खिळलेली असावी. विरारच्या त्या बापाचीच गोष्ट जणू शासन निर्णयात लिहून ठेवली आहे. बाई धडधाकट आहे तोवर मूल पुरुषाचं काम नाही.

स्वीडनने हा गुंता निराळ्या टोकाने सोडवायला घेतला. १९७४ मध्ये तिथे आई-वडील दोघांनाही वाटून घेता येईल अशी पालक रजा आली. कागदावर समानता पूर्ण होती, आणि पुरुषांनी आपल्या वाट्याचे जवळजवळ सगळे दिवस बायकांना देऊन टाकले. तेव्हा १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला, की तो बापाने घेतला नाही तर बुडाला. नॉर्वेने हे दोन वर्षं आधी केलं होतं. बुडणारी रजा म्हटल्यावर बापांना एकदम वात्सल्य सुचलं. आज स्वीडनमध्ये पालक रजेचे सुमारे ३० टक्के दिवस पुरुष घेतात. याच देशाने १९७९ मध्ये, जगात सर्वांत आधी, घरातही मुलांना मारायला कायद्याने बंदी घातली. पालक रजा आणि ही बंदी या दोन गोष्टी एकाच देशात, एकाच दशकात याव्यात यात मला योगायोग वाटत नाही. जो माणूस मुलाचं दुपटं बदलतो, ताप उतरेपर्यंत रात्री जागतो, त्याला शिस्तीसाठी हात उगारायची गरज कमी पडते. मूल त्याचं ऐकतं ते ओळखीमुळे.

आपल्याकडे पुरुषांना बदलण्याच्या कामाची सुरुवात रजेतून झाली नाही, ती मारहाणीच्या विरोधातून झाली. सप्टेंबर १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या आणि त्याविरुद्ध काही करू पाहणाऱ्या पुरुषांनी संपर्क साधावा. दोनशेवर पुरुषांनी उत्तर पाठवलं. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही संघटना उभी राहिली, हरीश सदानी तिचे एक संस्थापक. ‘पुरुष स्पंदन’ हा तिचा मराठी दिवाळी अंक पुरुषपणावर पुरुषांनाच लिहायला लावतो, आणि दिवाळी अंकांच्या गर्दीत ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे अंक चाळणाऱ्याला सांगायला नको. नंतर, २०१० च्या सुमारास, मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये ‘परिवर्तन’ नावाचा प्रयोग झाला. मुलगे ज्यांचं ऐकतात त्या प्रशिक्षकांनाच तयार करायचं. मुलींशी कसं वागावं, राग कसा आवरावा, मित्र कुणाची छेड काढत असेल तर काय करावं, हे त्यांनी सरावाच्या आधी-नंतर मुलांशी बोलायचं. अभ्यासकांनी नंतर तपासलं, तेव्हा या मुलांची मतं बदललेली दिसली. हॅरिस शील्डच्या जगातल्या त्याच नेट्समध्ये, जिथे शिस्त म्हणजे मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा, तिथे शिस्तीचा दुसरा अर्थ शिरला. मत बदललं म्हणजे घरी जाऊन मुलगा स्वतःचा डबा घासतो असं नव्हे. ते मोजायला कुणी त्याच्या घरी गेलं नव्हतं.

घरी मोजायचं असेल तर मिनिटांपेक्षा चांगली एक खूण आहे. कामं वाटून घेतलेली पुष्कळ घरं आता वसई-विरारमध्ये दिसतात. नवरा भाजी आणतो, रविवारी मटण करतो, मुलाला पोहायला नेतो. पण भाजी काय आणायची, ते तिने लिहून दिलेलं असतं. लशीची तारीख, सहलीचे पैसे, वाढदिवसाला आणायची भेट, शाळेच्या व्हॉट्सॲप गटातला रात्री साडेदहाचा निरोप, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. तो मदत करतो. मदत हा शब्दच सांगतो की काम कुणाचं आहे. जबाबदारी म्हणजे कुणी न सांगता आठवणं, आणि विसरलं तर बोल आपल्याला लागणं.

ही जबाबदारी कुणाची आहे हे शाळेच्या नोंदवहीत पाहावं. मुलाच्या नावापुढे संपर्कासाठी दोन क्रमांक असतात, आणि सकाळी अकराला मुलाला ताप भरला की शाळा पहिला कुठला लावते? आई आणि वडील दोघंही अंधेरीला कामाला असले, दोघांच्याही ऑफिसपासून विरार तेवढंच लांब असलं, तरी फोन आईला जातो. शाळेतल्या बाईंची यात चूक नाही; वडिलांना लावला, तर ते पुढे आईलाच लावतात, हा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. नालासोपाऱ्यातल्या एखाद्या बापाने उद्या शाळेत जाऊन आपला क्रमांक वर लिहायला सांगितला, तर त्याला फारसं काही सोसावं लागणार नाही. दुपारी अंधेरीहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. अर्धा दिवस रजा मात्र टाकावी लागेल, आणि कारणाच्या रकान्यात ‘मुलाला ताप’ असं लिहून ती साहेबापुढे ठेवावी लागेल.